गोल्फचं मैदान शहरानं घेतलं, तर गोल्फ ठेवावा की जागा मोकळी करावी?

आमच्या शहरात हा प्रश्न आला तेव्हा मी नागरिकांच्या समितीवर होतो. अठरा होलचं जुनं खासगी मैदान, थकलेला मालक, दाराशी बिल्डर आणि सभेपुढे खरेदीचा ठराव. त्या मैदानावर मी स्वतः वर्षानुवर्षं खेळलो आहे, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते गोल्फवरच्या रागातून नाही.

मैदान घ्यावं का, यावर फार वेळ घालवत नाही. घ्यावं. अठरा होल म्हणजे साधारण 120 ते 200 एकर सलग मोकळी जमीन, आणि वस्तीच्या मधोमध असा तुकडा पुन्हा हाती लागत नाही. फक्त मूल्यांकन आजच्या वापराप्रमाणे करून घ्या. ‘इथे घरं झाली तर’ या हिशेबानं विकणारा भाव सांगतो. पण वापर बदलायची परवानगी बहुतेक ठिकाणी शहरच देतं. जी परवानगी अजून दिलेलीच नाही, तिचे पैसे शहरानं कशाला मोजायचे?

खरी तुलना त्यानंतरची आहे.

गोल्फ चालू ठेवण्याची बाजू लंगडी नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगोचं टोरी पाइन्स हे गोल्फ मैदान शहराच्या मालकीचं आहे आणि तिथे 2008 आणि 2021 मध्ये गोल्फचं यूएस ओपन झालं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावाचं उदाहरण तर मला फार जवळचं वाटतं. 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या तिथल्या नगरपरिषदेच्या हातून गोल्फची जमीन गेली, तिच्यावर ससे पाळायला लागले, आणि 1894 मध्ये ती पुन्हा गावाकडे आली. आजही रविवारी तिथल्या ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर एरवी खेळ नसतो, गावातली माणसं कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात. गोल्फ आणि गाव एकत्र नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण या दोन्ही ठिकाणी जगभरातून माणसं खेळायला येतात. साध्या शहरातलं साधं मैदान शनिवार-रविवारच्या हवामानावर जगतं. चार आठवडे पाऊस लागला की वर्षाचा हिशेब कोलमडतो. खर्च मात्र थांबत नाही. ग्रीनवरचं, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत भागावरचं, गवत 3-4 मिलिमीटरवर ठेवायचं तर मोसमात कापणी जवळपास रोजची.

तरीही आम्ही आधी गोल्फच ठेवला, आणि मीही त्याच बाजूनं हात वर केला होता. माझं मत फिरलं ते जमिनीखालच्या पाइपांमुळे.

मैदानाचं पाणी रात्री सुटतं. पंप सुरू झाला की जुन्या लाइनला दाबाचा धक्का बसतो आणि कुठला तरी सांधा सुटतो. तो बांधला की दाब पुढच्या कच्च्या सांध्यावर. पाइप नेमके कुठून गेलेत याचा नकाशा विकणाऱ्याकडे नव्हताच. तो एका निवृत्त कामगाराच्या डोक्यात होता, आणि त्यालाही निम्मंच आठवत होतं. एका पहाटे मी मुख्य माळ्याबरोबर सातव्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, गेलो. लांबून गवत छान हिरवं दिसत होतं, पाय ठेवला तर बूट घोट्यापर्यंत आत. माळ्यानं लोखंडी सळई खुपसत खुपसत ओल कुठवर आहे ते पाहिलं आणि खणायला घेतलं. पाइप दोन हात बाजूला निघाला. त्याच्यावर आधीच्या चार दुरुस्त्यांचे चार निरनिराळे जोड होते. त्या खड्ड्याच्या काठावर तो एवढंच म्हणाला, “साहेब, हा बुजवेपर्यंत बाराव्याला फुटेल.” आणि बाराव्यालाच फुटला.

मैदान विकायला काढणारा मालक शेवटची काही वर्षं दुरुस्तीला हात आखडता घेतो. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण राहिलेलं ते सगळं काम शहराच्या गळ्यात येतं. पाणीपुरवठा नव्यानं घालायचा म्हणजे पुरं मैदान उकरायचं. आणि एकदा उकरायचंच, तर ते मोजक्या खेळाडूंसाठी का, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मोकळ्या मैदानाचं गवत ओबडधोबड चालतं. फेअरवेवर रोज पाणी मारायला लागत नाही, आणि तळी असतातच, ती पावसाचं पाणी साठवायला कामी येतात. ह्यूस्टनजवळच्या क्लिअर लेकमध्ये जवळपास 200 एकरांच्या बंद गोल्फ मैदानावर अशी तळी खणायला घेतली होती. 2017 मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा पहिला टप्पाही पुरता झालेला नव्हता, तरी आसपासच्या घरांना त्याचा आधार झाला.

हा पर्याय फुकटचा आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी ग्रीनवरची बुरशी मारायला पाऱ्याची औषधं आणि तणावर आर्सेनिकची औषधं वापरत. अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये 2017 साली बंद झालेल्या हिलक्रेस्ट मैदानाच्या मातीत पारा निघाला आणि सफाईचं काम मागे लागलं. तेव्हा ग्रीन, टी (पहिला फटका मारायची जागा) आणि औषधांची शेड इथली माती खरेदीआधीच तपासून घ्या, आणि सफाईचा खर्च किमतीतून वळता करायला सांगा. गोल्फ ठेवणार असाल तरी हे करा.

मधला मार्गही आहे. सिडनीच्या मूर पार्कमध्ये अठराचे नऊ होल करून उरलेली जागा लोकांना द्यायचं सरकारनं 2023 मध्ये जाहीर केलं. तुमच्याकडे खेळणारे बरेच असतील तर हे वाईट नाही, फक्त चालणाऱ्यांच्या अंगावर चेंडू येणार नाही अशी आखणी आधी करा. आमच्याकडे दोन हंगाम गोल्फ चालवून झाल्यावर मी संपूर्ण मोकळ्या जागेच्या बाजूनं मत दिलं. सातव्या फेअरवेवर आता पायवाट आहे. तिथून जाताना अजून थोडं चुटपुटायला होतं, पण मत बदलावंसं वाटलेलं नाही.

तुमचं मैदान वेगळं असू शकेल. पाइपांचा खरा नकाशा हातात असेल आणि लाइन अलीकडे बदललेली असेल, तर गोल्फच्या बाजूनं मीही पुन्हा विचार करीन. पाहणीला गेलात की तुम्हाला आधी क्लबहाउस दाखवतील. तुम्ही पंपहाउस मागा, आणि तेही पहाटे, पाणी चालू असताना.