राउटरचा सीपीयू लोड झॅबिक्सवर: अंबडच्या वर्कशॉपमधला नऊ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो. राउटरच्या सीपीयूवर (प्रोसेसरवर) नजर ठेवायला झॅबिक्स हे उपकरणांचे आकडे गोळा करून ग्राफ आणि अलर्ट देणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्यातलं तयार टेम्प्लेट लावून सोडून दिलं तर ते दिलासा देतं, माहिती देत नाही. पहिले दोन महिने ग्राफ ३० टक्क्यांच्या आत होता आणि त्याच काळात दुपारी नेट अडखळत होतं. ग्राफ खोटा नव्हता. बघायचा आकडा चुकत होता.

मांडणी अशी. जागा नाशिकची, अंबड एमआयडीसीतलं एक मशिन शॉप. ऑफिसात २२ संगणक, शॉप फ्लोअरवर आणि गेटवर मिळून २४ कॅमेरे, २०० एमबीपीएसची पीपीपीओई लाइन (राउटर लॉगिन करून जोडतो ती) आणि सिन्नरच्या गोडाऊनपर्यंत एक टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी एन्क्रिप्टेड खासगी जोडणी. राउटर मायक्रोटिकचा हेक्स, आरबी ७५० जीआर ३: मीडियाटेकची एमटी ७६२१ए चिप, ८८० मेगाहर्ट्झ, दोन कोर आणि चार थ्रेड, रॅम २५६ एमबी. राउटरओएसला, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरला, हे चार सीपीयू दिसतात, म्हणून पुढे चारही थ्रेडना कोरच म्हणतो. झॅबिक्स ७.० एका निवृत्त डेस्कटॉपवर आहे, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. गंमत म्हणजे राउटर बनवणारी कंपनी आणि झॅबिक्स बनवणारी कंपनी दोन्ही लाटव्हियातल्या रीगा शहरातल्या. काळ मार्च ते नोव्हेंबर, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक दिवाळी.

सुरुवात सोपी आहे. राउटरच्या आयपी मेन्यूत एसएनएमपी (उपकरणाचे आकडे बाहेरून वाचायचा प्रोटोकॉल) चालू करायचं. आधीपासून असलेल्या 'पब्लिक' कम्युनिटीचं (वाचायच्या परवानगीचं) नाव बदलायचं आणि तिच्या पत्त्याच्या रकान्यात फक्त झॅबिक्सच्या मशिनचा आयपी टाकायचा. एसएनएमपीच्या आवृत्ती २सी मध्ये हे नाव तारेवरून उघडं जातं, त्यामुळे ते पासवर्ड समजू नका. जमत असेल तर आवृत्ती ३ घ्या. एसएनएमपीचा पोर्ट, यूडीपी १६१, वॅनच्या म्हणजे इंटरनेटच्या बाजूने बंद हवा. झॅबिक्समध्ये होस्ट तयार करून मायक्रोटिकचं एसएनएमपी टेम्प्लेट लावलं की काम झालं. घड्याळाचा विभाग मात्र वेब इंटरफेसमध्ये आशिया/कोलकाता करायचा राहिला, तर ग्राफवर सगळं साडेपाच तास मागे दिसतं आणि दुपारची गडबड सकाळच्या चहाच्या नावावर जाते.

आता मुख्य मुद्दा. टेम्प्लेट प्रत्येक कोरचा लोड वेगळा घेतं. त्याचा ओआयडी, म्हणजे एसएनएमपीतला पत्ता, १.३.६.१.२.१.२५.३.३.१.२, आणि त्याखाली प्रत्येक कोरची एक ओळ. पण डॅशबोर्डवर माणूस काय लावतो? सरासरी. विनबॉक्स या राउटरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या वरच्या पट्टीतला आकडाही एकत्रितच असतो. एका दुपारी चार कोर असे होते: ९७, ८, ५, ६. सरासरी २९. पाहणाऱ्याला वाटतं राउटर निवांत आहे, पण त्या पहिल्या कोरच्या दारात पॅकेटांची रांग लागलेली असते. एका पीपीपीओई सत्राचं काम बहुतांशी एकाच कोरवर पडतं. त्याच्यावर सगळ्या ऑफिसची एकच मोठी सिंपल क्यू (स्पीडची मर्यादा घालणारी रांग) बसवली, तर तिचंही ओझं एकाच कोरवर जातं. बाकीचे तीन कोर मदतीला येत नाहीत. चार कोरच्या राउटरवर सरासरी २५ च्या आसपास येऊन तिथेच चिकटून राहिली, वर जात नाही नि खाली येत नाही, तर ते 'एक कोर भरला' असं वाचायचं.

म्हणून सरासरीचा विजेट काढला आणि चारही कोरांपैकी सर्वांत मोठा आकडा दाखवणारा कॅल्क्युलेटेड आयटम (इतर आकड्यांवरून काढलेली नोंद) केला. त्याच ग्राफवर पिंगचा (पॅकेट जाऊन परत येण्याचा) वेळही घेतला, राउटरपर्यंतचा नव्हे, राउटरच्या पलीकडच्या पहिल्या पत्त्यापर्यंतचा. कोर भरला आणि पिंग ४ मिलिसेकंदांवरून ६० वर गेला, तर दुखणं राउटरचं. पिंग चढला आणि कोर रिकामा, तर लाइनचं. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी एखादं संकेतस्थळ अडलं की अकाउंट्सवाल्यांची पहिली नजर राउटरकडे जाते. तेव्हा १२ टक्क्यांचा ग्राफ समोर ठेवला की वाद मिटतो. एवढ्यासाठीसुद्धा हे लावणं परवडलं.

अलर्टची अट बदलावी लागली. टेम्प्लेटमधली मूळ अट म्हणते की पाच मिनिटांतलं सर्वांत कमी वाचन ९० च्या वर हवं. म्हणजे पाच वाचनांपैकी चार ९९ आणि एक ७० आलं की अलर्ट नाहीच. खऱ्या ट्रॅफिकमध्ये लोड असाच वरखाली होतो. 'किमान' काढून पाच मिनिटांची 'सरासरी' घातली आणि मर्यादा ८५ केली. त्यानंतर अलर्ट वेळेवर यायला लागले. दर कोरला वेगळा अलर्ट ठेवलात तर टेलिग्रामवर एका घटनेचे चार संदेश येतात, म्हणून अलर्ट फक्त त्या 'सर्वांत मोठ्या' आयटमवर.

पोलिंग, म्हणजे राउटरला आकडा विचारण्याचं अंतर, एका मिनिटाच्या आत आणू नका. आरएफसी २७९० या मानकात कोरच्या लोडची व्याख्याच मागच्या एका मिनिटाची सरासरी अशी आहे. दर पाच सेकंदांना विचारून हाती काही लागत नाही, फक्त राउटरला उत्तरं देत बसावं लागतं. दहा सेकंदांचा झटका पकडायचा असेल तर राउटरच्याच शेड्युलरवर चार ओळींची स्क्रिप्ट ठेवून लोड ठरावीक आकड्यावर गेला की लॉगमध्ये ओळ टाकायची. जुन्या नोंदींबाबत झॅबिक्स चांगलं वागतं. ट्रेंडमध्ये दर तासाचं किमान, सरासरी आणि कमाल तिन्ही राहतं, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचं शिखर सपाट होत नाही.

लोड चढलेला दिसला, पण कशाने? हे झॅबिक्स सांगत नाही. त्यासाठी राउटरच्या टूल्समधलं प्रोफाइल उघडायचं आणि सीपीयूच्या रकान्यात 'ऑल' निवडायचं, म्हणजे कोरनिहाय यादी मिळते. यादीत 'फायरवॉल' सर्वांत वर असेल तर नियमांचा क्रम तपासा. आधीच जुळलेल्या कनेक्शनना परवानगी देणारा नियम सर्वांत वर नसेल, तर प्रत्येक पॅकेट त्याच्या वरचे सगळे नियम मोजत जातं. 'क्यूइंग' वर असेल तर क्यू. 'ब्रिज' (पोर्ट एकत्र जोडणारा भाग) वर असेल तर ब्रिजच्या पोर्टांच्या यादीत प्रत्येक पोर्टापुढे एच हे अक्षर आहे का बघा. ते असलं की कॅमेऱ्याकडून एनव्हीआरकडे (रेकॉर्डरकडे) जाणारा डेटा स्विच चिपमधूनच परस्पर जातो, सीपीयूला त्याची खबरही नसते. या मॉडेलवर ब्रिजला आयजीएमपी स्नूपिंगची (एकाच वेळी अनेकांना जाणारा डेटा गाळण्याची) टिक मारली की ते अक्षर जातं, आणि कॅमेऱ्यांचा सगळा डेटा सीपीयूतून वाहायला लागतो. २४ कॅमेरे आणि प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी जवळपास १०० एमबीपीएस, आणि तेही इंटरनेटशी काडीचा संबंध नसताना.

सर्वांत मोठा फरक फास्टट्रॅकने पडला, आणि सर्वांत जास्त डोकेदुखीही त्यानेच केली. फास्टट्रॅक झालेलं पॅकेट फायरवॉल आणि सिंपल क्यू यांना वळसा घालून जातं, म्हणून सीपीयू हलका होतो. पण मग क्यूने घातलेली स्पीडची मर्यादाही लागू होत नाही. बहुतेक ठिकाणी हे कळलं की फास्टट्रॅक सरसकट बंद करून टाकतात. त्याऐवजी ज्या पत्त्यांवर मर्यादा हवी त्यांच्या कनेक्शनवर मँगलमध्ये (खुणा करणाऱ्या नियमांत) कनेक्शन मार्क लावायचा आणि फास्टट्रॅकच्या नियमात 'नो-मार्क' अशी अट घालायची. मर्यादेतले लोक क्यूतून जातात, बाकीचे सुसाट. मोठी क्यूही विभागवार तीन केल्या. दुपारचा सर्वांत भरलेला कोर ९७ वरून ५५-६० वर आला. राउटर बदलायचं कोटेशन आलेलं होतं, ते तसंच फाइलमध्ये आहे.

सिन्नरच्या टनेललाही हाच हिशोब. या चिपमध्ये आयपीसेक या टनेलच्या प्रकारासाठी हार्डवेअरची मदत आहे, पण ती एन्क्रिप्शनच्या एईएस-सीबीसी आणि शा-२५६ अशा जोडीला मिळते, जीसीएमला नाही. इन्स्टॉल्ड एसएच्या (चालू आयपीसेक जोडण्यांच्या) यादीत एच दिसला की मदत चालू. वायरगार्ड हा टनेलचा दुसरा प्रकार सेट करायला खूपच सोपा, पण त्याचं सगळं एन्क्रिप्शन सीपीयूच करतो. रात्रीचा बॅकअप वायरगार्डवरून जाताना ग्राफवर ठसठशीत डोंगर दिसायचा. आयपीसेकवर तो टेकडीएवढा उरला. आयपीसेक असेल तर त्याला परवानगी देणारे नियम फास्टट्रॅकच्या वर हवेत, नाहीतर टनेल जोडलेलं दिसतं आणि फाइल मात्र जात नाही.

दिवाळीत एक गोष्ट उघडी पडली. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत वर्कशॉप बंद. ग्राफ जमिनीला टेकायला हवा होता, पण एक कोर दिवसरात्र ४० च्या आसपास. प्रोफाइलमध्ये वरचं नाव: 'डीएनएस', म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा. ऑफिसात माणूस नाही, मग नावं विचारतंय कोण? कारण जुनंच. राउटर बसवणाऱ्याने डीफॉल्ट कॉन्फिगरेशन पुसून कोरं केलं होतं, डीएनएसमध्ये बाहेरच्या विनंत्या घ्यायची टिक चालू होती आणि वॅनकडून डीएनएसचा पोर्ट ५३ उघडा. असा राउटर जगभरातल्या खोट्या पत्त्यांच्या विनंत्यांना उत्तरं देत बसतो, आणि ती उत्तरं तिसऱ्याच कुणाच्या माथी आदळतात. टिक काढली तर आतल्या संगणकांचं डीएनएस बंद पडतं, म्हणून टिक राहू द्यायची आणि इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरकडे येणाऱ्या ट्रॅफिकच्या नियमांत) वॅनवरून येणारा ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, ड्रॉप करायचा. नियम लावल्यावर तो कोर ३ टक्क्यांवर उतरला. रोजच्या गर्दीत हे ४० टक्के कामाचेच वाटत होते. म्हणून सुट्टीच्या दिवसाचा ग्राफ आवर्जून बघा. ऑफिस बंद असताना राउटर जे करतो ते बहुतेक वेळा नको असलेलंच असतं.

एमबीपीएसबरोबर सेकंदाला किती पॅकेट हेही घ्यायला हवं. १ गिगाबिटच्या तारेवर १५१८ बाइटच्या फ्रेम सेकंदाला साधारण ८१ हजार बसतात, ६४ बाइटच्या १४ लाख ८८ हजार. सीपीयूला कष्ट पडतात ते पॅकेटच्या संख्येचे, आकाराचे फार कमी. डीएनएसच्या त्या प्रकरणात लाइनचा ग्राफ अगदीच साधा होता, पॅकेटचा मात्र नव्हता.

महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सकाळी, लोड चढतो. विंडोजचे अपडेट अमेरिकेच्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे रात्र झालेली असते, आणि सकाळी सगळे संगणक एकदम चालू होतात. तो चढ निरुपद्रवी, फक्त ओळखता यायला हवा.

पावसाळ्यात वीज गेली-आली की राउटर नव्याने उठतो आणि दोन मिनिटं सगळं एकदम जोडलं जाताना लोड उसळतो. अपटाइमचा (राउटर किती वेळ चालू आहे त्याचा) आयटम त्याच ग्राफवर ठेवा, नाहीतर ही उसळी हल्ला वाटते. राउटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, एनटीपी क्लायंट (नेटवरून वेळ जुळवणारा) चालू नसेल तर वीज गेल्यानंतरच्या लॉगच्या वेळा निरुपयोगी. तापमानाबद्दल थोडंच: एप्रिल-मेच्या दुपारी जिन्याखालच्या कपाटातला आकडा लोडबरोबर नाही, बाहेरच्या उन्हाबरोबर चढायचा. राउटर यूपीएसच्या डोक्यावरून उचलून भिंतीवर लावला.

दुसऱ्या राउटरवर वाचन वेगळं. सिस्कोच्या आयओएसवर पाच सेकंदांचा आकडा '४५%/३०%' असा जोडीने येतो. पहिला एकूण, दुसरा इंटरप्टचा, म्हणजे मुख्यतः पॅकेट पुढे पाठवण्याचा. दोन्ही जवळजवळ असतील तर ट्रॅफिक बघा, लांब असतील तर एखादी प्रोसेस. ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवरच्या राउटर सॉफ्टवेअरवर लोड ॲव्हरेजवर विसंबू नका. इंटरप्टमध्ये चाललेलं काम त्यात मोजलं जात नाही, त्यामुळे ०.२ दिसत असताना कोर गच्च असू शकतो. टॉप या कमांडमधला 'एसआयआरक्यू' (सॉफ्ट इंटरप्टचा वाटा) बघा.

नावडलेल्या गोष्टी. टेम्प्लेट दर इंटरफेससाठी आठ-नऊ आयटम करतं, पीपीपीओईचे ग्राहक जोडणाऱ्या राउटरवर तर प्रत्येक ग्राहक एक इंटरफेस. ते डिस्कव्हरीतून (इंटरफेस आपोआप शोधणाऱ्या नियमातून) गाळा, नाहीतर एसएनएमपीच लोड वाढवतं. चार कोरांची नोंद तशी किरकोळ: दिवसाला ५७६० वाचनं, प्रत्येकी साधारण ९० बाइट, म्हणजे अर्धा एमबी. डेटाबेस फुगतो तो इंटरफेसमुळे. आणि प्रोफाइल किंवा टॉर्च (ट्रॅफिक लाइव्ह दाखवणारं टूल) उघडं ठेवून घरी जाऊ नका, मोजणाराच लोड होऊन बसतो.

एकच राउटर असेल आणि झॅबिक्सचा संसार नको असेल, तर राउटरओएसमधलं ग्राफिंग वापरा. टूल्समध्ये रिसोर्सचा नियम घाला, कुठल्या पत्त्यांना दिसावं ते ठरवा, आणि ब्राउझरमध्ये राउटरच्या पत्त्यापुढे 'ग्राफ्स' टाका. दिवसाचा ग्राफ पाच मिनिटांच्या सरासरीने, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या, महिन्याचा दोन तासांच्या. कोरनिहाय काही मिळत नाही. चार कोरांच्या राउटरवर तिथे २५ ची सपाट रेघ दिसली की मात्र लगेच प्रोफाइल उघडा.