पितळी अन्नपूर्णा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. गौरीहर पुजला नाही, त्यामुळे माहेरची अन्नपूर्णाही आली नाही. ती रुखरुख मनात होतीच. शेवटी गेल्या अक्षय तृतीयेला मीच एक आणली. तीन इंच उंच, भरीव पितळ, साधारण चारशे ग्रॅम. घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेराएवढीपासून फार तर वीतभर असावी असं मत्स्यपुराणात म्हटलंय, आणि रोज स्नान घालायचं तर हाच आकार सोयीचा.

घडण आपल्याकडची नेहमीचीच : मांडी घालून बसलेली देवी आणि दोन्ही हातांत आडवी धरलेली पळी. शस्त्र नाही, वाहन नाही. काशीत साक्षात शंकराला भिक्षा वाढणारी ती हीच. म्हणून तिला वाटीभर तांदळात बसवतात. पळी रेखीव आहे, नाकडोळे नीट कोरलेत. बूड मात्र कानशीने नीट घासलेलं नव्हतं, ताम्हनात मूर्ती डुगडुगायची. घेताना सपाट जागेवर ठेवून पाहायला हवं होतं.

खरा त्रास झाला तो लॅकरचा. दुकानात सोन्यासारखी चमकत होती, पण वर पारदर्शक थर आहे हे कोणी सांगितलं नाही. दोन महिन्यांत नाक आणि गुडघ्यांवरचा थर निघाला. तिथलं पितळ काळवंडलं, बाकीचं तसंच पिवळं. ते रूप बघवत नव्हतं. शेवटी देवघरापासून लांब, गॅलरीत बसून, नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनने कापसाचे बोळे फिरवत सगळा थर काढला. एक दुपार गेली, पण मूर्ती एकसारखी झाली.

मग दुसरी चूक. चिंचेचा कोळ लावला आणि तासभर तशीच ठेवली. धुतल्यावर खांद्यावर गुलाबी-तांबूस डाग! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी विरघळतं आणि तांबं वर दिसायला लागतं. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, चिंच लावून ठेवायची नसते. लावायची, चोळायची, लगेच धुवायची." डाग पुढे फिके झाले, पूर्ण गेले नाहीत.

पावसाळ्यात आणखी एक कळलं. अभिषेकानंतर मूर्ती ओलसरच तांदळात बसवत होते. श्रावणात उचलून पाहिली तर बुडाला हिरवट थर आणि खालचे तांदूळ डागाळलेले. हे तांदूळ बदलताना आम्ही भातात घालतो, पण ते टाकावेच लागले. आता खळग्यातलंसुद्धा पाणी टिपून घेते, अर्धा तास कोरडी होऊ देते आणि मगच बसवते. पंचामृतही तसंच. पितळेत दही कळकतं हे आपल्याला भांड्यांवरून माहीत असतं, पण मूर्तीच्या बाबतीत आपण ते विसरतो. दह्याचा हात लागला की लगेच साधं पाणी, आणि ते पंचामृत पितळी भांड्यात न ठेवता चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत.

सध्या रोज फक्त पाणी आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. पंधरा दिवसांनी चिंच आणि चिमूटभर मीठ, तेही बोटांनी, मिनिटभर. पळीच्या कडेला कुंकू साचतं, ते खोबरेल लावून मऊ ब्रशने निघतं. पितांबरी समईला आणि ताम्हनाला वापरते, देवीच्या चेहऱ्याला नाही. राख आणि रांगोळी तर नकोच. आईच्या अन्नपूर्णेला चाळीस वर्षं राखेने घासलंय. आता तिचे नाकडोळे उरले नाहीत, बोट फिरवलं तर पळी तेवढी लागते. आईला ती तशीच प्रिय आहे, आणि मलाही. पण माझ्या देवीचा चेहरा मला माझ्या लेकीपर्यंत पोचवायचाय.

मूर्तीवर मी समाधानी आहे. भरीव आहे, हातात वजन जाणवतं, आणि लॅकर गेल्यावर आलेला मंद पिवळा रंग मला दुकानातल्या चमकेपेक्षा जास्त आवडतो. माघात भाचीचं लग्न आहे, तिच्या गौरीहरासाठी अशीच घेणार आहे. फक्त या वेळी बिनलॅकरची मागेन आणि बूड काचेवर ठेवून बघेन.