कॅम्पर व्हॅनवर ४०० वॅट सोलर: उद्यमनगरातलं फिटिंग कसं उतरलं

पत्रा, पट्टी, अँगल, वेल्डिंग या बाबतीत कोल्हापूरच्या मिस्त्रीला शिकवायला जाऊ नये. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परवर बसवलेली दोन सोलर पॅनेलं पाहिली की हे पुन्हा पटतं. तीच गाडी आतून पाहिली, छतातून उतरलेली तार बॅटरीपर्यंत बोटाने माग काढत गेलं, की दुसरी गोष्टही पटते: लोखंडाचा हात आणि डीसी करंटचा हात हे दोन वेगळे हात आहेत. गुण द्यायचे तर लोखंडकामाला दहापैकी नऊ, सीलिंगला आठ, वायरिंगला जेमतेम पाच. वायरिंग नंतर सुधारून घेतलं, तेव्हा ते आठवर आलं.

बसवलेला माल असा: २०० वॅटची दोन मोनो पॅनेलं (३६ सेलची), एमपीपीटी चार्ज कंट्रोलर १००/३० (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारा), लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट १५० एएच (अँपियर-तास) बॅटरी, १००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज घेणारा ३० अँपियरचा डीसी-डीसी चार्जर. निवड नेमकी आहे. व्हिक्ट्रॉन कंपनीचा १००/३० कंट्रोलर १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४४० वॅटपर्यंतची पॅनेलं पूर्ण वापरतो, म्हणजे ४०० वॅटला चपखल. ‘१००’ म्हणजे पॅनेलकडून येणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, ‘३०’ म्हणजे बॅटरीकडे जाणारा जास्तीत जास्त करंट. ७५/१५ स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवला तर घेऊ नका, तो २२० वॅटच्या वर काही देत नाही.

आता छत. इथे वर्कशॉपने मन लावून काम केलं आहे. ट्रॅव्हलरचा पत्रा नुसता भोक पाडून बोल्ट कसायच्या लायकीचा नाही. आतल्या आडव्या रिब कुठून जातात ते अस्तर काढून आधी खुणावलं, आणि ब्रॅकेट रिबवर किंवा रिबला लागून घेतले. प्रत्येक पॅनेलला अॅल्युमिनियमचे सहा झेड ब्रॅकेट, एसएस ३०४चे एम८ बोल्ट, आतून ४० बाय ४० मिमीची ३ मिमी जाड पाटी आणि नायलॉक नट. हे जास्त वाटेल, पण हिशेब करून बघा. हायवेला १०० किमीच्या वेगात प्रत्येक चौरस मीटरवर हवेचा दाब साधारण ४७ किलो भरतो. २०० वॅटचं पॅनेल जवळजवळ एक चौरस मीटरचं असतं. समोरून वारा किंवा पुढे ट्रक असला की हा जोर झटक्याने येतो आणि पॅनेल उचलायला बघतो. नुसत्या चिकट टेपवर पॅनेल बसवून देणारेही भेटतात. तापलेल्या पत्र्यावर, तेही आधीचा रंग सुटत आलेला असताना, टेप किती धरेल यावर पैज लावू नये.

भोक पाडल्यावर कापलेल्या कडेला झिंक प्रायमर लावून मगच सीलंट भरला, हे पाहून समाधान वाटलं. हे न केल्यास बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि दोन पावसाळ्यांनी सीलंटखाली गंज पसरलेला असतो. सीलंट पॉलियुरेथेनचा, सिकाफ्लेक्स जातीचा. बाथरूमचा सिलिकॉन इथे चालत नाही: कडेने सुटतो, त्यावर रंग बसत नाही, आणि एकदा लागला की तिथे पुन्हा दुसरं काही नीट चिकटत नाही. पीयू सीलंट हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, दिवसाला तीन-चार मिमी या गतीने. त्यामुळे कोल्हापूरची दमट हवा त्याला मानवते, पण लावताना पत्रा कोरडाच हवा. सकाळी सीलंट लावून संध्याकाळी गाडी पाण्याखाली धुऊन देणं हा उतावीळपणा. दोन दिवस थांबा. वर्कशॉपने एकच दिवस थांबवली, म्हणून एक गुण कापला. दुसरा कापला तो तारेच्या प्रवेशाच्या डबीसाठी. डबीचं तोंड पुढे ठेवलं होतं; धावत्या गाडीत पाऊस थेट त्या ग्लँडवर (तार आत जाते त्या बुचावर) आदळणार. तोंड मागेच हवं.

पॅनेल आणि पत्रा यांत ३५ मिमी फट ठेवली आहे, ती बरोबर. पॅनेलचे वॅट २५ अंश सेल तापमानाला मोजलेले असतात. चैत्र-वैशाखात सेल सहज ६५ अंशांवर जातो आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. ४० अंश जास्त म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. फट नसती तर आणखी गेले असते. फ्रेमसकट गाडीची उंची सात-साडेसात सेंटीमीटरने वाढते. नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, लॉजच्या कमानी उंची विचारत नाहीत.

पॅनेल सीरिजमध्ये (एकापाठोपाठ, म्हणजे व्होल्टेजची बेरीज) की पॅरलल (समांतर, म्हणजे करंटची बेरीज)? वर्कशॉपने सीरिज केली, आणि या गाडीला ते योग्य आहे. एका पॅनेलचं ओपन सर्किट (पुढे काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज २४च्या आसपास, दोघांचं ४८, कंट्रोलरच्या १०० व्होल्टच्या मर्यादेत आरामात. करंट मात्र एकाचाच, सुमारे १० अँपियर. छतापासून कंट्रोलरपर्यंत पाच मीटर अंतर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. ६ चौरस मिमी तारेत ०.३ व्होल्ट पडतात आणि ते पॅनेल चालू असतानाच्या ४० व्होल्टमधून पडतात. पॅरलल केली असती तर २० अँपियरला ०.६ व्होल्ट, तेही २० व्होल्टमधून. पॅरललचा फायदा सावलीत दिसतो. रंकाळ्याच्या काठी झाडाखाली गाडी लावायची सवय असेल, किंवा छतावर कॅरियरचा दांडा आणि व्हेंट असेल, तर पॅरलल घ्या आणि तार जाड टाका. ३६ सेलच्या पॅनेलला बहुधा दोनच बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारे) असतात; एका सेलवर वडाचं एक पान बसलं तरी अर्धं पॅनेल गप्प होतं. या गाडीत पुढचं पॅनेल व्हेंटपासून हातभर लांब घेतलं असतं तर सकाळची सावली टळली असती. दोन पॅनेलं पॅरलल असतील तर प्रत्येकाला फ्यूज लागत नाही. तिसरं जोडलंत की लागतो.

वायरिंगचे गुण कशात गेले? पहिली चूक सर्वांत धोक्याची. पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये घरच्या एसी लाइनचा साधा एमसीबी लावला होता. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरी-पॅनेलचा डीसी करंट एकाच दिशेने वाहतो, त्याला शून्य नाही. ठिणगी लांबते, डबी वितळते. डीसी एमसीबी किंवा डीसी आयसोलेटरच हवा, आणि बऱ्याच डीसी एमसीबींना प्लस-मायनसची दिशाही असते, ती पाळायची. याबद्दल विचारल्यावर ‘चालतंय की’ असं उत्तर मिळतं. चालतं खरं, बंद करायची वेळ येईपर्यंत.

दुसरी चूक फ्यूजच्या जागेची. कंट्रोलर ते बॅटरी तार १० चौरस मिमी, फ्यूज ४० अँपियर. आकडे अचूक, पण फ्यूज कंट्रोलरशेजारी. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, आणि या तारेत आग लावण्याइतका करंट बॅटरी ओतू शकते, पॅनेल नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. मधली दीड मीटर तार सीटच्या पत्र्याला घासून उघडी पडली असती तर फ्यूज शाबूत आणि गाडी पेटलेली, असा प्रकार झाला असता.

तिसरी, एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारांचे जोड) पकडीने दाबलेले. त्याचं क्रिंपिंग टूल वेगळं येतं. पकडीने दाबलेला सांधा ओढून पाहिल्यावर निघाला नाही, तरी आत तो तारेला अर्धवटच धरतो, तापतो, आणि महिन्याभरात प्लॅस्टिक पिवळं पडतं. पॅनेलसोबत आलेला एका कंपनीचा नर आणि बाजारातली दुसऱ्या कंपनीची मादी, असं लग्नही लावू नये. बसतात, पण आतल्या मापात फरक असतो.

चौथी चूक मिक्सरने उघड केली. वाटणाशिवाय कोल्हापूरकराचा स्वयंपाक कॅम्परमध्येही होत नाही, आणि ७५० वॅटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बाजूने ६५ ते ७० अँपियर ओढतो. सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. इन्व्हर्टर मागे, बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे, मध्ये चार मीटर १६ चौरस मिमी तार. जाऊन-येऊन आठ मीटर, त्यात ७० अँपियरला ०.६ व्होल्ट पडतात आणि सुरुवातीच्या झटक्याला दीड व्होल्टही. बॅटरी भरलेली असताना इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून ओरडतो, आणि दोष बॅटरीला दिला जातो. उपाय महागडा नाही: इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभरात आणला, ३५ चौरस मिमीची तार, हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले लग (तारेच्या टोकाची टर्मिनलं) आणि १२५ अँपियरचा फ्यूज. पडणारं व्होल्टेज ०.०७वर आलं. २००० वॅटच्या इंडक्शनचा मोह मात्र सोडा. तो १७५ अँपियरच्या पुढे मागतो, या बॅटरीचा बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) १०० अँपियरला तोडतो. रस्सा गॅसवरच.

सेटिंग तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. कंट्रोलर लेड-अॅसिडच्या प्रोफाइलवर सोडला होता. लिथियम आयर्न फॉस्फेटला अॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं) १३.५, इक्वलायझेशन (लेड-अॅसिडसाठीचं जादा चार्जिंग) बंद. इक्वलायझेशन चालू राहिलं तर व्होल्टेज १५च्या पुढे जातं आणि बीएमएस बॅटरी तोडतो. जोडण्याचा क्रमही ठरलेला: आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलटा. कंट्रोलर बंकखालच्या बंद कपाटात होता. तो ४० अंशांपर्यंतच पूर्ण ताकदीने चालतो, म्हणून कपाटाला जाळी पाडून वर-खाली १० सेंटीमीटर जागा मोकळी केली. ट्यूब्युलर (लेड-अॅसिड) बॅटरी वापरणार असाल तर कंट्रोलर तिच्या डोक्यावर नको आणि बॅटरी झोपायच्या जागेत तर नकोच; चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. शिवाय १५० एएचची ट्यूब्युलर पन्नास किलोच्या पुढे भरते आणि वापरायची निम्मीच.

वीज किती मिळते? फ्रिज दिवसाला ४०० ते ६०० वॅट-तास, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास म्हणजे २४०, दिवे, मोबाइल, लॅपटॉप, पंप मिळून दोनशे. बेरीज हजाराच्या आत-बाहेर. उन्हाळ्यात पाच तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के घट धरली तर ४०० वॅटमधून १४०० येतात, शिल्लक राहतात. पॅनेल आडवं ठेवल्याने इथे फार बिघडत नाही, कारण सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या थेट डोक्यावर असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा दिसतो कुणाला! डिसेंबरात दुपारी तो ५० अंशांपर्यंतच चढतो, तेव्हा थोडं कमी मिळतं. खरी परीक्षा झडीची. दोन तासांचं ऊन धरलं तरी ५६० वॅट-तास, म्हणजे फ्रिजपुरतेच. डीसी-डीसी चार्जर यासाठीच हवा: कोल्हापूर ते गगनबावडा दीड तासाच्या प्रवासात तो साडेपाचशेच्या वर भर घालतो. अल्टरनेटरला साध्या रिलेने लिथियम बॅटरी जोडून देणारे आहेत. ती बॅटरी करंट ओढतच राहते आणि अल्टरनेटर तापून जातो.

गाळप हंगामात पाचट जाळल्याची काजळी आणि कारखान्यांची राख पॅनेलवर बसते. पहाटे काच थंड असताना पाणी आणि मऊ फडकं, एवढंच. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

किमती सारख्या हलतात, म्हणून आकडा देत नाही, पण प्रमाण ठरलेलं आहे: सर्वांत मोठा खर्च बॅटरीचा, मग कंट्रोलर आणि चार्जर, पॅनेल त्यानंतर. फ्यूज, लग, तार यांत वाचवलेले पैसे एकूण बिलात दिसतही नाहीत. वर्कशॉपने माल आणि मजुरी वेगळी लिहून दिली, हे कौतुकाचं. कॅम्पर म्हणून गाडीत केलेले बदल आरसीवर चढवायचं काम मात्र मालकाचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ पाहून आरटीओत विचारूनच पुढे जा.

ताबा घेताना डीसी करंट मोजणारा क्लँप मीटर सोबत न्या. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. भर दुपारी, फ्रिज आणि पंखा चालू ठेवून पाहा, कारण बॅटरी भरलेली असेल तर कंट्रोलर स्वतःच करंट आवरतो आणि पॅनेल खराब असल्याचा भास होतो. आडव्या पॅनेलांतून २८० ते ३२० वॅट दिसले तर फिटिंग उत्तम. मग आंबा घाट उतरून-चढून या, आणि परतल्यावर छतावरचे बाराही बोल्ट आणि बॅटरीचे लग पान्याने पुन्हा तपासा. या गाडीत बोल्ट एकही हलला नव्हता, लग दोन ढिले निघाले.