मेनू बदलला त्याला सात महिने झाले

घराजवळच्या मेक्सिकन रेस्टॉरंटने मेनू बदलला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसता राग निघाला असता. म्हणून थांबले. मधल्या सात महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी गेले आणि जवळजवळ सगळं खाऊन पाहिलं.

चार पानांचा मेनू एका पानावर आलाय. चीज सॉसमधले नाचोज, तळलेला चिमिचांगा, फाहिता हे सगळं गेलं. त्याचं फारसं वाटलं नाही. पण पोसोलेही गेलं! मक्याचे फुललेले टपोरे दाणे, मांस, लाल मिरचीचा रस्सा, वर चिरलेला कोबी, मुळा आणि लिंबू. आजारातून उठल्यावर मी पहिलं तेच मागवायचे. त्याची जागा घेईल असं नव्या पानावर काहीही नाही.

तरीही मी जातेय, याचं कारण टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी. आधी पाकिटातले यायचे, त्यात सारण भरून दुमडलेला टाको अर्ध्यात फाटायचा. आता तिथेच मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात आणि सकाळी धुऊन वाटतात. ही हजारो वर्षांची मेक्सिकन रीत. चुन्याने साल सुटते, पीठ धरून राहतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात पोचला पण ही रीत पोचली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग झाला. हे वाचलं होतं, पण तव्यावरून नुकताच उतरलेला टॉर्टिया नुसत्या मिठाबरोबर खाल्ला तेव्हा चव कळली. आता दोन टॉर्टिया तसेच कोरे मागवते.

शनिवारी मोले पोब्लानो असतं, म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचा दाट रस्सा. सुरुवातीचे तीन महिने ते कडवट लागायचं, वाळलेल्या मिरच्या जास्त भाजल्या जात असाव्यात. मी सांगितलं, इतरांनीही सांगितलं असेल. चौथ्या महिन्यापासून चव बसली. चॉकलेट घालतात म्हणून गोड असेल असं समजून टाळू नका, आधी मिरची आणि तीळ लागतात, चॉकलेट मागे राहतं.

आल पास्तोर, म्हणजे सळईवर भाजलेलं मसालेदार मांस, मात्र बिघडलं. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांच्या शावर्म्यातून आलेला हा पदार्थ, त्याचा जीव त्या उभ्या फिरत्या सळईत. आचेकडची कड कुरकुरीत होते, तेवढीच कापून वाढायची. इथली सळई काढून टाकली. आता तेच मांस तव्यावर परततात, त्याला पाणी सुटतं, कड येतच नाही. नाव तेच ठेवलंय, हे मला पटलेलं नाही. दोनदा मागवलं, आता मागवत नाही.

साल्सा वेर्दे ही हिरवी चटणी जशीच्या तशी आहे, आंबटपणासकट.

जाणार असाल तर शनिवारी दुपारी जा. मोले रात्रीपर्यंत उरत नाही, पण आधी फोन केला तर दोन ताटं बाजूला ठेवतात.