कॅरव्हॅन घेऊन कोकणातले वाडे पाहिले: ५ दिवस, ५ जण, १ फणसाची फांदी

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, कारण डिपॉझिटमधले ३ हजार अजून अडकलेत आणि फोनाफोनी चालू आहे. पण जानेवारीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, बायको, डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि आमचा सडाफटिंग सीए, पुण्याहून कॅरव्हॅन घेऊन तळकोकणापर्यंत जाऊन आलो त्याचा खराखुरा अनुभव लिहितोय. रीलमध्ये दिसतं ना, दार उघडलं की समोर समुद्र आणि हातात कॉफी, तसं एकदाच झालं आणि तेव्हाही कॉफी संपली होती.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. भाडं दिवसाला १५ हजार, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. आत छोटा फ्रिज, इंडक्शन, सिंक, टॉयलेट आणि रात्री बेड होणारे सोफे. पाच जण झोपतात असं कंपनी म्हणते, चार झोपतात असं मी म्हणतो, पाचवा नुसता आडवा होतो. आमच्याकडे तो मान सीएचा. आणि ड्रायव्हर मामा कुठे झोपणार हे कुणीच विचारलं नव्हतं, पहिल्या रात्री हर्णैला ते पुढच्या सीटवर पाय दुमडून बसलेले बघून आम्हालाच लाज वाटली, मग पुढे रोज त्यांच्यासाठी होमस्टेत एक खोली घेतली. म्हणजे तोही खर्च धरा.

पाण्याची टाकी १०० लिटरची, सकाळी तिसऱ्याची अंघोळ होईपर्यंत संपते. एसी बाहेरून लाईट घेतली तरच चालतो, बॅटरीवर फक्त पंखा, दिवे, फ्रिज. त्यामुळे रात्री कुठेही निवांत समुद्रकाठी थांबू वगैरे विसरा, शेवटी होमस्टेवाल्याच्या अंगणातच लावायची आणि पंधरा अँपियरचा पॉइंट कुठे आहे ते विचारत फिरायचं. टॉयलेटचं तर बोलूच नका. मामांनी सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं, साहेब अगदीच अडलं तरच वापरा, कारण ती टाकी रिकामी करायची सोय इकडे कुठेच नाही, शेवटी मलाच करायला लागते. पाच दिवसांत कुणाची हिंमत झाली नाही.

मजा आली ती फेरीबोटीत. ताम्हिणीतून उतरून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आलो आणि तिकडून वेश्वी, पुढे दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड, तीन खाड्या गाडीसकट ओलांडल्या. तिकिटवाल्याला पहिल्यांदा कळेचना की ही बस धरायची का टेम्पो, त्याने आत डोकावून सिंक बघितलं आणि म्हणाला, घराचा रेट नाही आमच्याकडे. पण एक लक्षात ठेवा, या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो. ओहोटी असली की बोट खाली जाते, उतार उभा होतो आणि चढताना मागचा बंपर जमिनीला घासतो. दाभोळला तो करकर आवाज ऐकून सीएने डिपॉझिटचा आकडा मोठ्याने म्हटला. मामांनी सगळ्यांना खाली उतरवलं, दोन फळ्या मागून चाकाखाली घातल्या आणि तिरकी करत चढवली. भरतीची वेळ बघून जा, गुगलवर मिळते.

आता वाडे. आमचा मूळ हट्ट तोच होता, किल्ले नकोत, बीच नकोत, जुनी घरं बघायची.

पहिलं घर गुहागरला, डॉक्टरच्या मावशींचं. प्रेक्षणीय स्थळ वगैरे नाही, राहतं घर. गुहागरात वरचा पाट, खालचा पाट अशा लांबच लांब आळ्या, दोन्हीकडे घरं आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. आळीत दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे आमची गाडी. साधारण शंभर फूट गेलो आणि वरून खर्रर्र. फणसाची फांदी थेट टपावरच्या खिडकीत घुसली. मागे घेतली तर गडगा, पुढे घेतली तर फणस. पंधरा मिनिटांत निम्मी आळी जमली, प्रत्येकाकडे वेगळा सल्ला, शेवटी एक आजोबा लुंगी खोचून कोयती घेऊन आले आणि गड्याला वर चढवला. चीक टपभर. मावशी ओटीवर उभ्या राहून सगळं बघत होत्या, आम्ही पोचल्यावर डॉक्टरला म्हणाल्या, "अरे, एवढं घर पाठीवर घेऊन हिंडता, मग झोपायला माझ्याकडे कशाला आलात?"

पण त्या घरासाठी फांदी खाल्ली तरी चालेल. शेणाने सारवलेलं खळं म्हणजे अंगण, पडवी, ओटी, मग माजघर, भर दुपारी आत शिरलं की डोळ्यांना काही दिसत नाही आणि पाठीवर गारवा येतो. बाळंतिणीची खोली वेगळी, त्यात आता आंब्याच्या पेट्या. भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाच्या. मावशींनी सांगितलं ते मला नवीन होतं, जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने चिरे पाडता येतात, आणि वारा लागला की टणक होतो. छपराला एवढा उतार का ते वेगळं सांगायला नको, अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस त्या कौलांवरनं खाली उतरवायचा असतो. त्या रात्री एसी लावून गाडीत एकटा सीए झोपला, आम्ही चौघं ओटीवर. सकाळी तोच सगळ्यात आधी उठून झोपाळ्यावर चहा पीत बसला होता.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर बघितलं. पंधरा मिनिटांचं काम, पण आवारात शांत वाटतं, शाळेची सहल नसेल तर. आरे-वारेचा रस्ता या गाडीतून झकास दिसतो, तेवढ्यासाठी पुढची सीट पकडा.

रत्नागिरीत मात्र डोकं वापरलं. गाडी गावाबाहेर लावली आणि दोन रिक्षा केल्या. थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ ला इंग्रजांनी मंडालेहून उचलला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, १८८६ मध्ये इथे आणून ठेवला. हा राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे तोवर चोवीसेक वर्षं बिचारा दुसऱ्या बंगल्यांतच, आणि १९१६ ला गेलाच. एवढ्या मोठ्या वास्तूत जेमतेम सहा वर्षं. वरच्या मजल्याच्या सज्जातून खाली खाडी दिसते आणि पलीकडे समुद्र, हवा इतकी सुंदर की पाच मिनिटं कुणी बोललं नाही. अर्धगोल खिडक्या, रंगीत काचा, संगमरवरी फरशीचं दालन. देखभाल ठीकठाक, काही खोल्यांना कुलूप, माहितीच्या पाट्या कमी आणि आहेत त्यांवरची अक्षरं उडालेली. कॅमेऱ्यापेक्षा वेळ घेऊन जा.

तिथून टिळक आळीत, लोकमान्यांचा जन्म झाला ते घर, २३ जुलै १८५६. थिब्याच्या राजवाड्यानंतर हे अगदी आपल्या आजोळासारखं वाटतं. डॉक्टरीणबाई शाळेत इतिहास शिकवतात, त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, बघा हां, १९०८ ते १९१४ टिळक मंडालेच्या तुरुंगात, तेव्हाच मंडालेचा राजा इकडे रत्नागिरीत नजरकैदेत. दोघांच्या घरांमधलं अंतर रिक्षाने दहा मिनिटं पण नाही. गीतारहस्य तिकडे मंडालेत लिहिलं गेलं हे पाठ होतं, पण हे दोन धागे मी कधी जोडलेच नव्हते. रिक्षावाला म्हणाला, हे आम्ही सगळ्या पाव्हण्यांना सांगतो. मग आधी का नाही सांगितलंस बाबा.

शेवटचा मुक्काम सावंतवाडी. मोती तलावाकाठी गाडी लावायला जागा मिळाली, पूर्ण ट्रिपमध्ये पहिल्यांदा पार्किंगवरून भांडण नाही. भोसल्यांचा राजवाडा लाल जांभ्याचा, कमानी कमानींचा, तिकीट काढून दरबार हॉल बघता येतो. खरं बघायचं ते तिथे बसून गंजिफा रंगवणारे कलाकार. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, दशावतारी संचात १२०, प्रत्येक अवताराचे १२, त्यात राजा, वजीर आणि एक ते दहा. एक बाई वराहाच्या पत्त्यावर दोन-तीन केसांच्या ब्रशने काम करत होत्या, आमच्याशी बोलतायत पण हात जराही थरथरत नाही. ही कला जवळपास संपलीच होती, ती राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी पुन्हा उभी केली. सीएने किंमत विचारली, मग बाईंचा ब्रश बघितला, आणि घासाघीस न करता पैसे काढले. सीएला ओळखणाऱ्यांना याचं महत्त्व कळेल.

परत येताना आंबोली चढून आजऱ्यावरून हायवेला लागलो. घाटात सिंकखालचं कपाट उघडलं आणि मावशींनी दिलेली कोकम आगळाची बाटली फुटली, गाडीत अजून वास असेल.

तर घ्यावी का? चौघं असाल आणि एका जागी दोन-तीन रात्री उभी करून आजूबाजूला रिक्षाने फिरणार असाल तर घ्या, लहान पोरं तर वेडी होतील. रोज मुक्काम हलवत वाडे बघायचे असतील तर साधी इनोव्हा आणि होमस्टे, स्वस्तही पडेल आणि आळीत शिरेलही. मी गाडीला पाचपैकी अडीच देतो, मामांना पाच.

आणि डिपॉझिटचं म्हणाल तर, बंपरचा ओरखडा त्यांनी सोडून दिला. ३ हजार कापले ते टपासाठी, म्हणे फणसाचा चीक निघतच नाही सर, पॉलिश करावं लागेल. खोबरेल लावलं की निघतो हो, कोकणातल्या शेंबड्या पोराला विचारा. शनिवारी बायको बाटली घेऊन त्यांच्या ऑफिसात जाणार आहे.