खानावळीच्या वहीत नाव: ‘फायनल फँटसी चौदा’च्या प्रारंभीच्या कथानकाचे परीक्षण

उल्दाह या वाळवंटातल्या श्रीमंत नगरात उतरलेल्या नवख्या माणसाला सर्वप्रथम क्विकसँड नावाच्या खानावळीत पाठवले जाते, आणि तिथल्या मोमोदी या ठेंगण्या, बोलक्या मालकिणीच्या वहीत नाव चढल्याखेरीज त्या शहरात त्याला कोणी काम देत नाही. गिरणगावात ज्यांच्या घराण्याची मुंबईतली पहिली रात्र गेली, त्यांना हा प्रसंग परका वाटू नये. माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांच्या खिशात लालबागमधल्या एका खानावळवाल्या बाईंचा पत्ता आणि गावकऱ्याची चिठ्ठी एवढेच भांडवल होते. त्या बाईंनी जेवण उधारीवर लावून घेतले, आणि त्यांच्याच पंगतीत शेजारी बसणाऱ्या एका जॉबरच्या ओळखीने आजोबा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा ‘फायनल फँटसी चौदा: अ रेल्म रिबॉर्न’ हा ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ आपल्या खेळाडूला नेमका असाच शहरात आणतो. त्याच्या प्रारंभीच्या कथानकात जे उत्तम आहे आणि जे कंटाळवाणे आहे, त्या दोहोंचे मूळ या एकाच निर्णयात असल्याचे माझे मत झाले आहे.

खेळाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर या प्रारंभाचा निम्मा अर्थ हातून निसटतो. मूळ ‘फायनल फँटसी चौदा’ सप्टेंबर २०१० मध्ये बाजारात आला आणि इतका फसला की कंपनीला खेळाडूंची जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे देण्यात आली, आणि त्यांनी जुना खेळ चालू ठेवूनच पडद्यामागे नवा खेळ बांधायला घेतला. जुने सर्व्हर नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाले ते एखादे दुकान गुपचूप बंद व्हावे तसे नव्हे: कथेतच दालामुद हा तांबडा उपग्रह आकाशातून खाली येऊ लागला, त्याचे कवच फुटून आत कोंडलेला बहामुत हा अजस्र ड्रॅगन बाहेर पडला आणि त्याने इओर्झिया या खेळातल्या प्रदेशाची भूमी जाळून टाकली. २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवा खेळ सुरू झाला तेव्हा कथेतल्या काळात त्या प्रलयाला पाच वर्षे झालेली होती. बुडालेला धंदा लपवण्याऐवजी त्यालाच नव्या जगाचा इतिहास करून टाकण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते.

या युक्तीतून निघालेली एक कल्पना तर मला संपूर्ण अध्यायातली सर्वांत सुंदर वाटते. त्या प्रलयाच्या वेळच्या युद्धात लढलेले वीर लोकांना आठवतात, परंतु त्यांची नावे उच्चारायला गेले की ती ओठांवरून निसटतात, आणि चेहरे आठवायला गेले की डोळ्यांपुढे कडक उन्हाला पाठ करून उभ्या असलेल्या आकृती तेवढ्या येतात. जुन्या खेळाडूंना आपले पात्र नव्या खेळात आणता यावे, ही त्यामागची व्यावहारिक गरज होती. मात्र ज्याने जुना खेळ पाहिलेलाही नाही त्याला यातून एक असे नगर भेटते, जिथे प्रत्येकाने काहीतरी गमावले आहे आणि कोणालाच ते नीट सांगता येत नाही.

आपला प्रवास कुठून सुरू होणार हे आपण निवडलेल्या पेशावर ठरते. तलवारबाज, मुष्टियोद्धा किंवा अग्निविद्या जाणणारा मांत्रिक उल्दाहमध्ये येतो. धनुर्धर, भालाईत आणि निसर्गाच्या शक्तीने उपचार करणारा ग्रिडानियाच्या अरण्यात. तर कुऱ्हाडवाला आणि ग्रंथांच्या साहाय्याने जादू करणारा विद्वान लिम्सा लोमिन्सा या बंदरात जहाजाने उतरतो. मी तिन्ही प्रारंभ खेळून पाहिले आहेत. ग्रिडानियातली वनदेवतांची मर्जी सांभाळण्याची कथा सौम्य आहे आणि थोडी संथही. लिम्सा दिसायला देखणे आहे, पण तिथल्या चाचेगिरीच्या प्रकरणात अर्ध्या वाटेवर माझे लक्ष उडाले. उल्दाह मात्र मी दोनदा खेळलो, आणि नव्या खेळाडूने शक्यतो तेच निवडावे असे सुचवतो.

उल्दाहची सुरुवात चोकोबो या महाकाय पक्ष्याने ओढलेल्या गाडीत होते. सोबतीला ब्रेंट नावाचा गप्पिष्ट फिरता व्यापारी असतो आणि समोर दोन जुळी भावंडे बसलेली असतात, जी एक शब्दही बोलत नाहीत. वाटेत नाक्यावरचे ‘ब्रास ब्लेड्स’ नावाचे शिपाई गाडी अडवतात, झडतीच्या नावाखाली व्यापाऱ्यावर अमली वनौषधी बाळगल्याचा आळ घेतात आणि चिरीमिरी उकळू पाहतात. तेवढ्यात अमाल्जा टोळीचा हल्ला होतो म्हणून ते प्रकरण तिथेच राहते. जगाच्या विनाशाची आणि स्फटिकाच्या दिव्य वाणीची स्वप्ने खेळाडूला त्याआधी पडलेली असतात, हे खरे. पण या नगराचा खरा परिचय करून देतो तो नाक्यावरचा हात पुढे करणारा शिपाई. पुढेही हे सूत्र सुटत नाही. गादीवर नानामो ही अल्पवयीन दिसणारी सुलताना आहे, पण कारभार धनाढ्य व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या मुठीत आहे. वीस वर्षांपूर्वी गार्लमाल्ड साम्राज्याने जिंकलेल्या आला मिगोमधून आलेले निर्वासित तटाबाहेर झोपड्या बांधून राहतात, तटाच्या आत त्यांच्याविषयी काय बोलले जाते ते आपण बाजारातून जाता-येता ऐकतो, आणि सुलतानेच्या सैन्याचा सेनापती राऊबान हा स्वतः त्याच आला मिगोचा आहे. मुंबईत राहणाऱ्याला यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही. या कथेचे लेखक कोणालाही सरसकट खलनायक ठरवत नाहीत, याचे मला विशेष कौतुक वाटते. शिपाई लाचखाऊ आहेत, पण त्यांच्यातलेच काही जण रस्त्यावर जीवही देतात.

आता कंटाळ्याविषयी. ज्या कथेत आपण कोणी नाही, तिथे आपल्याला कामेही कोणी-नसलेल्या माणसाचीच मिळणार, हे तर्काला धरून आहे. तरीही याचे पत्र त्याला दे, त्याचा निरोप ह्याला सांग, तीन विंचू मार आणि परत ये, असे तासन्‌तास चालले की तर्क पुरत नाही. पहिल्या पंधरा लेव्हलमध्ये लढाई जवळपास आव्हानरहित आहे. संवादात अधूनमधून दोन-तीन उत्तरांचे पर्याय दिले जातात, परंतु त्यांनी कथेचा काटा तसूभरही हलत नाही, आणि हा देखावा मला सर्वाधिक खटकला. खेळाडूला निवड द्यायची नसेल तर त्याला गप्प बसवणे जास्त प्रामाणिक ठरले असते. शिवाय आपले पात्र मान डोलावण्यापलीकडे तोंड उघडत नाही.

पंधराव्या लेव्हलला कथेची कूस बदलते. प्रलयातील मृतांच्या स्मरणसोहळ्याच्या निमित्ताने आपल्याला दूत म्हणून हवाई जहाजातून उरलेल्या दोन नगरांत पाठवले जाते, आणि तोवर एका नगरापुरते असलेले जग एकदम रुंदावते. गाडीतली ती मुकी भावंडे अल्फिनो आणि अलिझे आहेत, प्रलय रोखताना प्राण देणाऱ्या लुईस्वा या ऋषितुल्य वृद्धाची नातवंडे आहेत, आणि आजोबांच्या बलिदानाचा अर्थ काय लावायचा यावरून त्यांची वाट इथेच फुटते, हे तेव्हा कळते. अशी पेरणी करून इतका वेळ थांबणारे लेखक ऑनलाइन खेळांत मला फारसे भेटलेले नाहीत. यानंतर चार जणांनी मिळून खेळायची तीन डंजने, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागांमधल्या मोहिमा, येतात. अनोळखी माणसांबरोबर खेळण्याचा संकोच वाटणाऱ्यांसाठी एप्रिल २०२२ पासून संगणकाने चालवलेले सोबती घेण्याची सोय झाली आहे, आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्याला ती फार सोयीची वाटली.

विसाव्या लेव्हलच्या आसपास इफ्रित या अग्निदैवताशी सामना होतो, आणि माझ्या मते प्रारंभीचे कथानक खऱ्या अर्थाने तिथे पूर्ण होते. फितुरीमुळे आपण काही सामान्य माणसांसह पकडले जातो आणि त्या दैवताची ज्वाला सर्वांवरून फिरते. आपण तिच्यातून सुटतो, बाकीचे मनाने कायमचे त्याचे दास होतात. त्यांना बरे करण्याचा उपाय त्या वेळी कोणालाही ठाऊक नसतो, आणि मग त्यांचे काय करावे लागते हे एका छोट्या वाक्यात सांगून कथा पुढे जाते. विजयाच्या वाद्यांनंतर आलेल्या त्या वाक्याने मी त्या रात्री खेळ तिथेच थांबवला होता.

यानंतरचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण खेळानेही तो थोडक्यात उरकायला हवा होता. व्हेस्पर बे या गावातल्या वेकिंग सँड्स या ठाण्यावर दर कामानंतर हजर होण्याचा आदेश मिळतो, आणि जवळचे टेलिपोर्टचे ठिकाण होरायझन या शेजारच्या वस्तीत असल्यामुळे उरलेली वाट तुडवावी लागते. टायटन या दैवताला पूर्वी हरवणाऱ्या निवृत्त वीरांकडून सल्ला हवा असतो, तर ते आधी मेजवानीची सामग्री गोळा करायला पाठवतात. त्यातल्या एका चीजसाठी अख्खे डंजन पालथे घालावे लागते, यावर हसावे की रडावे हे मला ठरवता आलेले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने या टप्प्यातली बरीच कामे गाळली. तरीही अजून काही गाळायला जागा आहे.

भाषेबद्दल एक सूचना द्यायला हवी. खेळाची जागतिक आवृत्ती जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चारच भाषांत आहे, आणि त्यातली इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची ठेवलेली आहे. बखरीची मराठी वाचताना जसे पहिल्या दहा पानांना अडखळायला होते आणि पुढे तिचीच गोडी लागते, तसेच इथे होते. परंतु शाळकरी मुलांच्या हाती खेळ देताना हे ध्यानात ठेवावे. प्रारंभीच्या भागात आवाज दिलेले प्रसंग मोजकेच आहेत, बाकी सारे वाचावेच लागते. २०१५ पासूनच्या भागांत इंग्रजीतले आवाजही बदलले, त्यामुळे ओळखीची पात्रे एकाएकी परकी वाटतात. मासायोशी सोकेन यांच्या संगीताविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. रात्रीच्या उल्दाहची धून मी लोकलमधून घरी परततानाही ऐकतो.

मुंबईतून खेळताना सर्व्हर परदेशातच असतात, त्यामुळे आज्ञा आणि कृती यांत किंचित अंतर जाणवते. लढाईचा मूळ ठेका अडीच सेकंदांचा असल्याने प्रारंभीच्या अध्यायात याने काही बिघडत नाही. जुलैत आमच्या इमारतीतली इंटरनेटची जोडणी पाऊस सुरू झाला की हमखास जाते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही कथा निभावली.

खर्चाच्या बाबतीत हा खेळ उदार आहे. विनामूल्य चाचणीला मुदत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून तिच्यात सत्तराव्या लेव्हलपर्यंतचा मजकूर खेळता येतो, म्हणजे इथे परीक्षण केलेला संपूर्ण भाग आणि त्यापुढचे दोन मोठे विस्तारही एक पैसा न देता पाहता येतात. चाचणीच्या खात्याला बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, पण कथेला त्याची गरज पडत नाही. एकदा पैसे भरून पूर्ण खाते केले की चाचणीकडे परतता येत नाही आणि मासिक वर्गणी सुरू होते, म्हणून घाईने ते बटण दाबू नये. माझ्या भाचीने माझा सल्ला बाजूला सारून ग्रिडानिया निवडले आहे. ती सध्या बाराव्या लेव्हलला आहे आणि गाडीत समोर कोणी बसले होते हे तिला आठवतसुद्धा नाही.