पेठेचा ग्रुप: मोकळा ठेवावा की नियम लावावेत?

पेठेच्या किंवा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन झालात की हे ठरवावं लागतंच. कुणालाही काहीही लिहू द्यायचं, की जातधर्मावरून भडकावणारं दिसलं की उडवायचं? सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या ग्रुपवर मी दोन्ही करून बघितलंय. दोन वर्षं सगळं मोकळं होतं, आता दीड वर्ष नियम आहेत.

मोकळ्या ग्रुपची बाजू मला आजही पटते. १९३० च्या मार्शल लॉमध्ये तोंडबंदी काय असते ते या गावानं भोगलंय. त्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याला गप्प करणं सहज जमत नाही. शिवाय पाणी कधी सुटणार, कुठे पाइप फुटलाय, हे मोकळ्या ग्रुपवर लगेच कळायचं.

मग माझं मन कशानं बदललं? भांडणांनी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आता कुणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला येते. भडकावणारे फॉरवर्ड टाकणारे दोघंच होते, पण वर्षभरात नऊ जण निघून गेले, एक शब्द न बोलता. त्यात आमचे यंत्रमागवाले चाचा होते. पाण्याची बातमी सगळ्यांत आधी तेच द्यायचे. बाकीच्यांना वाटत होतं, ग्रुप छान चाललाय. कोण गेलं याची सूचना मला एकट्यालाच येत होती, आणि ते मला सहन होईना.

कंपनी बघून घेईल म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज कुणी तक्रार केल्याशिवाय कंपनीला वाचताच येत नाहीत. जिथे येतात, तिथे मजकूर तपासणाऱ्या यंत्राला आपली मराठी-तेलुगू-कानडी-दखनी सरमिसळ कळत नाही, असा माझा अनुभव. मित्रानं मित्राला दिलेली शिवी उडते आणि गोड भाषेतलं विष राहतं.

शिवी आणि चिथावणी यांत मी फरक करतो तो यामुळेच. १ जुलै २०१८ ला धुळ्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, एवढीच ती अफवा. शिवी एकही लागली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. ती हवीच होती, पण पहिला फॉरवर्ड थांबवायला ओळखीचाच माणूस लागतो.

पोलिसांच्या भीतीनं मात्र नियम लावू नका. सदस्यानं टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय.

तीस-चाळीस ओळखीची माणसं असतील तर मोकळं ठेवलं तरी बहुधा चालेल. त्यापुढे मी तरी नियमच लावीन. नगरसेवकावर कितीही चिडा, तो मेसेज राहतो. एखाद्या समाजावर बोट ठेवलं की जातो, आणि का गेला ते मी फोन करून सांगतो. त्या दोघांपैकी एक जण अजून बोलत नाही माझ्याशी.

चाचा काही परत आले नाहीत. त्यांचा मुलगा आलाय.